रावेर ते धुळे: दोन रकान्यांची वही

रावेरहून धुळ्याला जायचं तर एसटी बदलत बदलत गेलं तरी माणूस सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचतो. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. आम्हाला दोन दिवस लागले, कारण आम्ही नुसते जात नव्हतो, जीप तपासत जात होतो. आमच्याकडची माणसं हा रस्ता लग्नाला करतात, दवाखान्याला करतात, कोर्टाच्या तारखेला करतात. एक आवाज शोधण्यासाठी तो कुणी केला असेल असं मला वाटत नाही. ऐंशीचं दशक संपायला आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. त्या वेळची वही अजून माझ्याकडे आहे, त्यामुळे आकडे चुकायची भीती नाही.

रावेर

जीप माझ्या थोरल्या भावाची. ते माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे, त्यांना मी भाऊच म्हणतो. तरुणपणी त्यांनी मालट्रक चालवला, पुढे ही जुनी जीप घेतली आणि केळीच्या कटाईवर जाणाऱ्या मजुरांना बागांवर पोचवायचं काम धरलं. एका खेपेला चौदा माणसं. बागा सातपुड्याच्या पायथ्याला, मधे एक नाला आणि त्याचा उभा उतार.

जानेवारीत वहिनींचं पोस्टकार्ड आलं. ‘जीप ओरडते असं सगळे मजूर म्हणतात. हे म्हणतात, नाही. बुधवारपासून मोठी कटाई आहे. तुम्ही एकदा येऊन बघा.’

मी तेव्हा जळगावला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत होतो. पाण्याची पातळी, विसर्ग, तारीख, वेळ असं रकान्यात लिहिणं हे माझं काम. मी मेकॅनिक नाही. पण मेकॅनिककडे नुसतं ‘आवाज येतो’ म्हणून गेलं की तो आधी क्लच उतरवतो, मग गिअरबॉक्स, आणि दोष शेवटी चाकात निघतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. आवाज कोणत्या गतीला येतो, पाय दाबल्यावर वाढतो की सोडल्यावर, हे आधी लिहून नेलं तर निम्मी गाडी खोलायची वाचते. म्हणून शुक्रवारी चार दिवसांची रजा टाकली आणि भुसावळहून पॅसेंजरने रावेरला उतरलो.

अंगणात कापसाच्या काड्यांवर वांगी भाजणं चालू होतं. शहरात आम्ही गॅसवर वांगं भाजतो आणि त्याला भरीत म्हणतो. वहिनींच्या हातचं ते लाकडी बडगीत ठेचलेलं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाल्ली की आमच्या घरच्या भरिताचं नाव बदलावं असं वाटतं. पहिला घास घेऊन मी विषय काढला.

“भाऊ, जीप आवाज करते म्हणे.”

भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते. “करत व्हती. दसऱ्याले करत व्हती. मी बंद केला.”

“कसा?”

“केळं घातलं.”

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मधे जो लोखंडी गोळा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. इंजिनाची ताकद तिथले दाते वळवून चाकांना देतात. जुन्या गाड्या विकणारे लोक त्या गोळ्याचं झाकण काढून आत जाड तेल आणि पिकलेली केळी घालतात, म्हणजे झिजलेल्या दात्यांचा आवाज गिऱ्हाइकाच्या कानावर येत नाही. रावेरात केळ्यांना तोटा नाही, त्यामुळे ही विद्या आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. पण ती दुसऱ्याला फसवण्यासाठी वापरतात. स्वतःच्या गाडीला औषध म्हणून घालणारे मला भाऊच भेटले.

“बारा केळी,” भाऊ म्हणाले. “चांगली पिकेल. तवापासून एकदम शांत.”

वहिनी चुलीपाशी होत्या, भाऊंच्या पाठीमागे. त्या हळूच म्हणाल्या, “शांत कुठी? उलट वाढला.”

भाऊंनी मान वळवली नाही. ते भाकरी मोडत राहिले. मला वाटलं, रागावले.

सावदा, फैजपूर, तापी

शनिवारी सकाळी निघालो. ठरवलं असं, की वाटेत तपासायचं, रात्री माझ्याकडे जळगावला राहायचं आणि रविवारी धुळ्याला जायचं. धुळ्याला धाकटी बहीण सुमन असते, आणि आग्रा रोडला रऊफचाचा म्हणून मेकॅनिक होते. डिफरन्शियलच्या कामात त्यांचा हात धरणारा मला तरी माहीत नव्हता.

गाव सुटून काटा पस्तीसवर गेला आणि जीप ओरडायला लागली. गिरणीत दाणे संपले आणि दगड नुसते एकमेकांवर घासायला लागले की जो आवाज येतो, तो. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या, थंडीने पानांच्या कडा करपलेल्या, आणि बांधावरची माणसं मान वर करून आमच्याकडे बघत होती.

“हा काय, भाऊ?” मी ओरडलो.

“काय?”

“आवाज.”

“रस्त्याचा हाये तो.”

सावद्यापर्यंत रस्त्याचा, फैजपूरपर्यंत टायरचा. फैजपूरला चहाला थांबलो तिथे मी चिडलो. म्हणालो, तुम्ही पहिल्यापासून हट्टी. चौदा माणसं मागे बसतात, उतारावर तो गोळा अडकला तर काय होईल याचा विचार आहे का. भाऊ माझ्याकडे बघत राहिले. आजूबाजूचे दोघंतिघं थांबून ऐकत होते. मग भाऊ म्हणाले, “व्हय. जरासा हाये आवाज.”

मला जिंकल्यासारखं वाटलं. आज तो क्षण आठवला की चहाची चवसुद्धा आठवते, आणि ती नको वाटते.

तापीच्या पुलाअलीकडे थांबलो. हिवाळ्यातलं पाणी निळं आणि रुंद, काठावर कलिंगडाच्या वाड्यांसाठी वाळू सारखी करणारी माणसं. भाऊंनी पिशवीतून केळी काढली. एक मला दिलं, एक स्वतः सोललं आणि तिसरं जीपच्या मागे नेऊन त्या गोळ्याला दाखवलं. “तुले पायजे का अजून?” आम्ही दोघंही हसलो. भाऊ चांगले हसत. लहानपणी मी त्यांच्या ट्रकमध्ये शेजारी बसून मैलाचे दगड मोजायचो. एकही दगड चुकला नाही तर सावद्याला पेढा मिळायचा. आकड्यांची गोडी मला शाळेने लावली असं मी सगळ्यांना सांगतो, पण खरं तर ती तिथे लागली. आणि कानाचं म्हणाल तर, तेव्हा ओट्यावर बसून भाऊ सांगत, सावद्याकडच्या वळणावर कोणाचा ट्रक आहे, भरलेला आहे की रिकामा. आम्ही धावत जाऊन बघायचो. बरोबर असायचं.

भुसावळला पद्धत ठरवली. मी मागच्या बाकावर बसायचं, कारण आवाज तिथून येतो. भाऊंनी पुढे गाडी चालवायची, कधी वेग वाढवायचा, कधी पाय काढायचा, कधी गिअर मोकळा करून गाडी पळू द्यायची. प्रत्येक दुसऱ्या किलोमीटरच्या दगडाशी ज्याने त्याने आवाज आहे की नाही ते नोंदायचं. आवाज असेल तर मी लिहीन, नसेल तर रकाना कोरा. भाऊंना ऐकू आला तर त्यांनी डाव्या हाताचं एक बोट वर करायचं. पुढचा रकाना आणि मागचा रकाना. दोन्हींत फरक पडला तर आवाज नेमका कुठला हे कळायला मदत होईल, असं माझं गणित होतं.

भुसावळ ते जळगाव तेरा नोंदी झाल्या. तेराही जुळल्या. वहीत खाली माझा शेरा आहे: ‘भाऊंचं बोट माझ्या नोंदीनंतर एक-दोन सेकंदांनी वर होते. आवाज मागून पुढे जातो, म्हणून असावे.’

ध्वनीचा वेग मला शाळेपासून पाठ आहे. मागचा बाक आणि पुढचा बाक यांत चार फुटांचं अंतर. तरीही मी हे लिहिलं, आणि खाली रेघ मारली.

जळगाव

घरी पोचताच भाऊंनी चहा नाकारला आणि जीपखाली हात घातला. गाडी थांबल्या थांबल्या हात लावून बघायचं असतं, पाच मिनिटांनी गेलं तर कळत नाही. एकेका चाकाच्या मध्यावर हात लावला, कोमट. मधल्या गोळ्यावर माझा हात पाच मोजेपर्यंतही टिकला नाही. मी लिहिलं.

मग पुढच्या चाकांना दगड लावून मागचं एक चाक जॅकवर उचललं. इंजिनाकडून मागे येणारा लांब लोखंडी दांडा असतो, त्याच्या दोन्ही टोकांना जोड असतात. ते झिजले की त्यांच्याभोवती तांबडी, गंजासारखी भुकटी साठते. भाऊंनी बॅटरी धरून मला दाखवलं, भुकटी नव्हती. दांडा हाताने हलवला, जोडांत ढिलेपणा नव्हता. चाक हलवलं, तेही घट्ट. मग दांडा जिथे गोळ्यात शिरतो तिथे त्यांनी बोटं ठेवली, डोळे मिटले आणि मला चाक हळूहळू फिरवायला सांगितलं.

“थांब. मागं. आता पुढं.” बोटं तशीच. “पिनियनचं बेअरिंग गेलं. दाते खालेत एका बाजूनं. गिअरबॉक्सले हात लावू देऊ नको कोणाले.”

पिनियन म्हणजे दांड्याच्या टोकाचं लहान दातेरी चक्र. आमच्या हिने दारातून पाहिलं आणि म्हणाली, “भाऊंना अजून नुसत्या बोटांनी कळतं.” मला अभिमान वाटला. भाऊंनी तिच्याकडे बघितलं नाही, ते जॅक उतरवत होते.

जेवताना ते फारसं बोलले नाहीत. पोरांनी विचारलं त्याला हसून मान हलवली. माझा मोठा मुलगा म्हणाला, “काका, पुढच्या महिन्यात माझी परीक्षा आहे.” भाऊ म्हणाले, “वा, वा. घेऊन ये.” आम्ही सगळे हसलो. भाऊ थट्टा करतात असंच आम्हाला वाटलं.

गिरणा, एरंडोल

रविवारी सकाळी गिरणेचा पूल ओलांडला. नदीत पाणी कमी, बैलगाड्या वाळूतून जात होत्या. पुढे शेतांचा रंग बदलतो. केळी मागे पडते आणि कापसाच्या पऱ्हाट्या, दादर ज्वारी, हरभरा लागतो. आमच्या रावेरकडच्या माणसाला ही जमीन उघडी वाटते, पण थंडीच्या उन्हात दादरची कणसं बघायला मला आवडतात.

जळगाव ते एरंडोल पंधरा नोंदी. चौदा जुळल्या. एक चुकली तेव्हा समोरून धुरळा उडवत एसटी गेली होती, तसा शेरा वहीत आहे. तोवरचा निष्कर्ष चांगला जमत होता. आवाज पस्तीसच्या वर. पाय दाबल्यावर जास्त, सोडल्यावर निराळा, घरघरीचा. गिअर मोकळा केला तरी राहतो, म्हणजे इंजिन आणि क्लच सुटले. उभ्या गाडीत इंजिन वाढवलं तर काही नाही. डावीकडे-उजवीकडे वळवल्याने फरक नाही, म्हणजे चाकाची बेअरिंगं चांगली. डांबर बदललं तरी तोच, म्हणजे टायर नव्हे. भाऊंच्या बोटांनी काल जे सांगितलं तेच माझे आकडे सांगत होते.

एरंडोलात शिरताना गतिरोधक दिसला नाही. जीप उडाली, माझं पेन खाली पडलं, आणि काचेवरचा आतला आरसा स्क्रूसकट निखळून भाऊंच्या मांडीवर आला. फुटला नाही, पण त्याची पकड मोडली होती. भाऊंनी तो हातात घेतला, बसवून बघितला, बसेना. त्यांनी बराच वेळ बघितलं. मी म्हणालो, “राहू द्या, धुळ्याला लावू.” त्यांनी तो रुमालात गुंडाळून बाकाखाली ठेवला.

पुढचा पहिला दगड आला. जीप ओरडत होती, मी लिहिलं. बोट वर झालं नाही. दुसऱ्या दगडाशी भाऊंनी गिअर मोकळा केला होता आणि वेग पंचविसावर आला होता. आवाज बंद, रकाना कोरा. बोट वर. तिसऱ्याला वर. चौथ्याला नाही. मी पेन झटकलं, डोळे चोळले, मला वाटलं मीच दगड चुकतोय.

सातव्या दगडाजवळ मागून मालट्रक आला. त्याला पुढे जायचं होतं. भाऊ रस्त्याच्या मधोमध होते. ट्रकने हॉर्न दिला. आकडे मोजायची सवय वाईट असते, मी मोजले. अकरा. अकरावा माझ्या पाठीशी इतका जवळ वाजला की वही हातातून गेली. मी पुढे वाकून भाऊंच्या खांद्याला हात लावला, तेव्हा त्यांनी दचकून जीप कडेला घेतली. ट्रक घासून पुढे गेला. ड्रायव्हरने बाहेर वाकून शिवी दिली.

“हॉर्न न वाजवता येतात हे लोक,” भाऊ म्हणाले.

मी वही उचलली. एरंडोल ते पारोळा दहा नोंदी, जुळल्या चार. नाणं उडवून लिहिलं असतं तरी इतक्याच जुळल्या असत्या.

मग मी मागची पानं उलटली. आरसा असताना अठ्ठावीसपैकी सत्तावीस. बोट माझ्या पेनानंतर एक-दोन सेकंदांनी. भाऊ आरशात आवाज ऐकत नव्हते, माझा हात बघत होते. मी वाकून लिहिलं की बोट वर. मी स्वस्थ बसलो की बोट खाली.

पारोळा

पारोळ्याला रस्त्यालगत चहा प्यायला थांबलो. टपरीवाला साठीचा, डोक्याला उपरणं बांधलेला. कप देता देता भाऊंना म्हणाला, “आबा, तुमनी गाडी दूरथून ऐकू येस. काय व्हयनं तिले?”

भाऊ हसून म्हणाले, “नाही, साखर बराबर हाये.”

टपरीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

भाऊ रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मी त्यांच्या मागे चार पावलांवर गेलो. हे केलं नसतं तरी चाललं असतं, पण मला एकाच प्रकारच्या नोंदीवर निष्कर्ष काढायची सवय नाही. मी म्हणालो, “भाऊ.” मग जरा मोठ्याने, “भाऊ.” तिसऱ्यांदा एवढ्याने म्हणालो की टपरीवाला आणि बाकावरची दोन्ही गिऱ्हाइकं वळली. भाऊ कप संपवत होते. उन्हात त्यांच्या कानावरचे पांढरे केस दिसत होते.

टपरीवाला हळूच म्हणाला, “त्यास्ले ऐकू येत नही का?”

“नाही,” मी म्हणालो. हे मी पहिल्यांदा पारोळ्याच्या एका अनोळखी माणसाला सांगितलं. वहिनी चुलीपाशी बोलल्या तेव्हा भाऊंनी मान का वळवली नाही, तेही मला तिथे कळलं. आणि केळ्यांचंही. केळ्यांनी आवाज थोडे दिवस दाबला असेल. तो परत आला तेव्हा भाऊंचे कान राहिले नव्हते. त्यांना वाटलं, औषध लागू पडलं.

मी समोर जाऊन त्यांना तोंड दिसेल असं म्हणालो, “पुढे मी चालवतो. तुमचे पाय आखडले असतील.”

भाऊ आपली गाडी कोणाला देत नसत. त्यांनी लगेच किल्ली दिली. पारोळा ते धुळे छत्तीस किलोमीटर मी पस्तिसाच्या आत चालवली. जीप ओरडली नाही, आणि आम्हीही बोललो नाही.

धुळे

सोमवारी सकाळी रऊफचाचांना मी वहीतलं स्वच्छ उतरवलेलं पान दिलं, फक्त माझा रकाना. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

“साहेब, तुम्ही तर माझं अर्धं काम करून आणलं. लोक येतात, ‘चाचा, आवाज येतो’ म्हणतात, आणि सगळी गाडी माझ्या डोक्यावर टाकून चहाला जातात. हे पिनियन कोणी ओळखलं?”

मी भाऊंकडे बोट दाखवलं. भाऊंनी मान झुकवली.

चाचांनी गोळ्याचं झाकण काढलं. आतून काळा, डांबरासारखा चिखल पडला, त्यात सुतळीसारखे धागे. आंबूस वास आला. चाचांनी एक धागा बोटांवर धरला.

“केळं?” त्यांनी विचारलं आणि वर बघितलं. भाऊंनी शाळेतल्यासारखा हात वर केला. चाचा मोठ्याने हसले.

“अहो, ही विकायच्या गाडीची दवा आहे, ठेवायच्या नाही. कधी घातलं?”

“दसऱ्याला,” मी म्हणालो.

“आठ दिवस दाबतं केळं. फार तर दहा. मग दाते अजून खातं. तीन महिने ओरडतेय ही. बहिऱ्यालाही ऐकू आलं असतं.”

चाचा हसत होते म्हणून भाऊही हसले. मी त्यांच्या दोघांच्या मधे उभा होतो. चाचांना काही माहीत नव्हतं, त्यांचा काही दोष नाही. पिनियनचं बेअरिंग फुटलेलं निघालं, दाते एका बाजूने खाल्लेले. भाऊंनी मिटल्या डोळ्यांनी सांगितलं होतं, अगदी तसं.

सुमनच्या घरी दुपारी खापरावरचे मांडे होते. रावेरला पुरणाची पोळी तव्यावर होते, इथे पुरण भरलेला मांडा हातावरच पसरून उलट्या खापरावर टाकतात, ताटात मावत नाही एवढा. ती एकेक वाढत भाऊंना आग्रह करत होती. लग्न होऊन धुळ्याची झाली, बोलणंही इकडचं झालं. “भाऊ, आनखी एक लेवा ना.” भाऊ तिच्या तोंडाकडे बघत आणि मान हलवत. तिने मला आत बोलावून विचारलं, “भाऊ इतला गप्प का ऱ्हातस?” मी म्हणालो, दमलेत.

जेवणानंतर ओट्यावर उन्हात बसलो. भाऊ म्हणाले, “वसंता, वही दाखव.”

“ती चाचांना दिली.”

“त्याले एक पान दिलं. वही तुह्या खिशात हाये.”

मी दिली. खोटे आकडे मी आयुष्यात लिहिले नाहीत, आणि त्या वेळी पहिल्यांदा वाटलं, लिहायला हवे होते. भाऊंनी बोट दुसऱ्या रकान्यावरून खाली नेलं. एरंडोलपाशी थांबले.

“आरसा पडला, तठून चुकलं ना?”

मी मान हलवली.

त्यांनी वही मिटली. “दसऱ्याले केळं घातलं न दुसऱ्या दिवशी गाडी शांत. मी इतका खूश झालो, तुही वहिनीले पेढे आनले. मंग पंधरा दिवसांनी ध्यानात आलं का सायकलीची घंटी बी शांत हाये. मंग पाखरं. मंग ती बोलते ते.” मग म्हणाले, “मले वाटलं येईल परत.”

“तुम्ही सांगायचं होतं.”

त्यांनी माझे ओठ वाचले. “सांगितलं तर किल्ली घेतली असती तुम्ही.”

“हो,” मी म्हणालो.

“चौदा मानसं बसतात मागं,” ते म्हणाले. हे फैजपूरचं माझंच वाक्य होतं. म्हणजे तेवढं त्यांनी वाचलं होतं. मग विचारलं, “तो चाचा काय बोलला हसताना?”

मी सांगितलं. शब्द बदलला नाही. त्यांनी ऐकलं, म्हणजे बघितलं, आणि वही मला परत दिली.

परत

मंगळवारी सकाळी जीप तयार झाली. चाचांनी आरसाही बसवून दिला. किल्ली भाऊंनी माझ्याकडे दिली आणि स्वतः मागच्या बाकावर चढले, माझ्या जागेवर.

“वही दे,” म्हणाले. “नवी गाडी तपासून पाहावं लागते. तू चालव न बोट वर कर. मी लिहितो.”

मी समजावणार होतो, पण वही काढून दिली. नवं बेअरिंग, नवे दाते, ताजं तेल. चाळीसला, पन्नासला, चढावर, उतारावर, गिअर मोकळा करून, पाय दाबून, कशालाच आवाज नाही. इंजिनाची धडधड आणि चाकांखालचा रस्ता, बस. आरशात मला भाऊ दिसत. प्रत्येक दुसऱ्या दगडाशी ते माझ्या हाताकडे बघत, आणि मग थांबून, जरा मान तिरपी करून, खरोखर ऐकत.

पुढच्या महिन्यात आम्ही जळगावला कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. नस गेली म्हणाले. यंत्र दिलं, ते भाऊंनी आठ दिवस लावलं आणि कपाटात ठेवलं. त्यात नुसता वारा ऐकू येतो म्हणाले. पण ते नंतरचं.

रावेरला दुपार कलताना पोचलो. वहिनी अंगणात होत्या. भाऊंनी माझ्या हातातून किल्ली घेतली, उंबऱ्यापर्यंत गेले आणि वहिनींच्या हातावर ठेवली. “उद्या कटाईले मुकादमाले चालवू दे,” म्हणाले आणि हातपाय धुवायला मागे गेले.

वहिनींनी किल्ली मुठीत धरली. “कळलं ना तुम्हाले?” त्यांनी मला विचारलं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“घरातली मी. मले कळनार नाही तर कोनाले? पन मी सांगितलं असतं तर त्यायनं मानलं नसतं. तुमचे आकडे मानतात ते.”

वही भाऊंनी बाकावरच ठेवली होती. रात्री जळगावच्या गाडीत मी ती उघडली. हलत्या जीपमधलं त्यांचं अक्षर, जुनं, ट्रकच्या पावत्यांवर असायचं तसं. धुळे ते रावेर, सत्तर नोंदी. पुढचा रकाना माझ्या बोटाचा, मागचा त्यांच्या कानाचा. कोरं सोडायचं ठरलं होतं, पण त्यांनी दोन्ही रकान्यांत प्रत्येक ओळीला लिहिलं होतं: नाही, नाही. नाही, नाही. खाली बेरीज करून रेघ मारली होती, आणि तिच्याखाली लिहिलं होतं: ‘सत्तरपैकी सत्तर बरोबर.’